न मोजलेला जिना

१

गिरणगावचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. संप लिहिले गेले, सभा लिहिल्या गेल्या, पुढाऱ्यांची चरित्रे लिहिली गेली. चाळींविषयीही कमी लिहिलेले नाही. बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. भाड्याची चर्चा झाली, संडासांची झाली, गर्दीची झाली. परंतु त्या खोलीपर्यंत पोहोचायला किती पायऱ्या होत्या, त्या दिवसातून किती वेळा, काय उचलून आणि कोण चढत होते, हा प्रश्न इतिहासकारांनी क्वचितच विचारला आहे.

हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तळमजला आणि वर तीन मजले म्हणजे काही डोंगर नव्हे, असे कुणी म्हणेल. धडधाकट पुरुषाला तो खरोखरच डोंगर नसतो. पण सात महिन्यांची पोटुशी, नुकती बाळंत झालेली किंवा काखेत दोन महिन्यांचे मूल आणि दुसऱ्या हातात पाण्याची कळशी असलेली बाई डोळ्यांसमोर आणा. एका मजल्याला अठरा-वीस पायऱ्या धरल्या, तर तिसऱ्या मजल्यावर जायला एका खेपेस पन्नास-साठ पायऱ्या होतात. दिवसातून चारच खेपा धरल्या तरी दोनशेच्या वर चढ आणि तितकाच उतार. पाणी, रॉकेल, रेशन, दवाखाना, कपडे वाळत घालणे या साऱ्यांचा हिशेब यातच येतो. हे श्रम कोणत्याही मजुरीपत्रकावर चढत नाहीत. इमारत बांधणाराने ते गृहीत धरलेले असतात, आणि ते फुकट मिळतील हेही त्याने गृहीत धरलेले असते.

ज्या समाजाच्या श्रमाला शतकानुशतके मोल नव्हते, त्या समाजाच्या नियतकालिकातून हा हिशेब मांडला जाणे मला आवश्यक वाटते.

२

प्रथम या इमारती कशा उभ्या राहिल्या ते पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे मेली आणि त्याहून अधिक माणसे शहर सोडून पळाली. गिरण्या ओस पडण्याची वेळ आली तेव्हा कामगारांच्या घरांकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या चाळी उभ्या राहू लागल्या. पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. बी.डी.डी. या अक्षरांचा उगम तोच. एकेका खोलीची पन्नास हजार घरे बांधायची असा संकल्प होता, आणि त्यासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला गेला. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळीत चार मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या. मध्ये अंधारा बोळ आणि दोन्ही अंगांना खोल्यांची रांग. सिमेंट काँक्रीटचे भक्कम काम. लिफ्टचा प्रश्नच नव्हता. ती श्रीमंतांच्या आणि कचेऱ्यांच्या इमारतींची वस्तू होती.

आरंभी या चाळींतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेरचे होते आणि खोल्या कोंदट होत्या. १९३० नंतर सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने वरळीच्या चाळींचा कैदखान्यासारखा वापर केला. माणसाला राहण्यासाठी म्हणून बांधलेल्या इमारतीचा तुरुंग करायला फारशी अडचण पडली नाही, यातच तिच्या रचनेवरचे भाष्य आले.

अशा या रिकाम्या खोल्यांत आपली माणसे आली. खाजगी चाळींचे मालक अस्पृश्याला खोली देत नसत. सरकारी चाळीत जात विचारून दार लावून घेणारा मालक नव्हता. गिरणीतही हीच गत होती. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याने विटाळ होतो, म्हणून विणकाम खात्याची दारे बंद होती. कमी पगाराचे साचेखाते तेवढे खुले. तेव्हा ज्याचा पगार कमी त्याला भाडे अधिक अशी ती स्थिती होती. तरीही माणसे आली आणि टिकली.

३

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या माणसांच्या दृष्टीने वरचा मजला हा नुसता त्रास नव्हता. गावात अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हासुद्धा गुन्हा मानला जाई, हे बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले आहे. माडीची तर बातच नको. गावकुसाबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून वसवलेल्या वस्तीतला माणूस जेव्हा काँक्रीटच्या तिसऱ्या मजल्यावर राहू लागला, तेव्हा त्याच्या पायाखाली दुसऱ्या कुणाचे तरी छप्पर आले. हा अनुभव नवा होता. ज्या बाईच्या आईने उभ्या आयुष्यात सार्वजनिक पाणवठ्याला हात लावला नव्हता, ती नळाखाली आपली कळशी लावू लागली. शहराने दिलेले हे स्वातंत्र्य कमी लेखण्याचे कारण नाही.

पण स्वातंत्र्याची किंमत घरातल्या दोघांनी सारखी मोजली नाही. पुरुष सकाळी एकदा जिना उतरे आणि रात्री एकदा चढे. मजल्यावर नळ असला तरी वरच्या मजल्यापर्यंत पाणी चढेल याची खात्री नसे, आणि मग खाली जाणे बाईच्याच वाट्याला येई. गावच्या विहिरीची वाट आडवी होती. शहराने ती उभी केली.

बाबासाहेबांच्या घराचाच विचार करू. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्यांत त्यांचे बिऱ्हाड १९१२ पासून १९३४ पर्यंत होते. एक खोली संसाराची आणि एक अभ्यासाची. त्या खोलीतून कोलंबिया आणि लंडनला निघालेल्या विद्यार्थ्याचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो आणि तो सांगितलाच पाहिजे. पण त्याच दुसऱ्या मजल्यावर रमाबाईंनी मुले वाढवली आणि मुले गमावली. यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू ही मुले लहानपणीच गेली आणि १९२६ साली राजरत्न गेला. रमाबाईंच्या त्यागावर आपल्याकडे गाणी आहेत, भाषणे आहेत. त्याग म्हटले की प्रश्न संपतो. आजारी मूल घेऊन तो जिना किती वेळा उतरला गेला, हे कोणत्याही चरित्रात नाही. बाबासाहेबांच्या घराची ही कथा असेल, तर ज्या घरांत बॅरिस्टर नव्हता, चरित्रकार नव्हता, तिथली कथा कोण सांगणार?

४

सरकारी कागदांत मात्र थोडे सापडते, आणि जे सापडते ते भयानक आहे. १९२१ च्या आकडेवारीप्रमाणे मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ८२८ अर्भके वर्ष पुरे होण्याच्या आत दगावली. दोन खोल्यांच्या घरांत हाच आकडा ३२२ होता, तीन खोल्यांच्या घरांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कामगार बाया बाळंतपणाला गावी जात. जन्म गावी नोंदला जाई आणि मूल शहरात आणल्यावर मेले तर मृत्यू शहरात नोंदला जाई. त्यामुळे एका खोलीचा आकडा फुगलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु फुगवटा वजा केला तरी उतरंड शिल्लक राहते. जितक्या खोल्या कमी तितकी मुले अधिक मेली. जातीच्या उतरंडीची सवय झालेल्या आपल्या डोळ्यांना ही उतरंड ओळखायला वेळ लागू नये.

याच सुमारास मुंबई सरकारने कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यासाठी डॉ. बार्न्स या बाईंना नेमले होते. त्यांच्या अहवालातली एक खोली मी वर्गात विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. चाळीचा दुसरा मजला. खोली पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद. त्यात सहा कुटुंबे, सहा वेगळ्या चुली, लहानथोर मिळून तीस माणसे. सहा बायांपैकी तिघींचे दिवस भरत आलेले. बाळंतपणासाठी आडोसा कुठे करणार असे विचारल्यावर डॉक्टरीणबाईंना एक कोपरा दाखवण्यात आला. तो तीन फूट बाय चार फूट होता. मनुष्यप्राण्याच्या जन्मासाठी या शहराने बारा चौरस फूट जागा दिली होती, आणि तीही धुरात.

याच अहवालात आणखी एक नोंद आहे. गिरणीत जाणाऱ्या बायांच्या शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जात होती. ती लहानशा गोळीच्या रूपात मिळे आणि तिला लोक बाळगोळी म्हणत. सुशिक्षितांनी हे वाचून अडाणी आयांना दोष दिला. पण आपण जरा विचार करावा. आई दहा तास साच्यावर. मूल वरच्या मजल्यावरच्या खोलीत, शेजारणीच्या किंवा सात वर्षांच्या बहिणीच्या हवाली. मधल्या सुट्टीत अंगावर पाजायला यायचे तर गिरणीचा दरवाजा, रस्ता आणि जिना, आणि तेवढाच परतीचा प्रवास. मूल भुकेने रडू नये यासाठी त्या व्यवस्थेने आईच्या हाती एकच साधन ठेवले होते. अफूची गोळी आईने दिली हे खरे; ती देण्याची पाळी कुणी आणली हे त्या अहवालावर चुकचुकणाऱ्यांनी विचारले नाही.

५

या पार्श्वभूमीवर १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि स्त्रीला कमी मजुरी देऊन नफा कमावणारा मालकही जबाबदारीतून सुटत नाही, हेही त्यांनी सांगितले. १९२९ साली कायदा झाला. हिंदुस्थानातला या प्रकारचा हा पहिला कायदा. पुढे मजूरमंत्री असताना १९४३ साली खाणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपण भत्त्याच्या कायद्यात त्यांनी सुधारणा घडवून आणली. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव विधिमंडळात मांडला. तो फेटाळला गेला. या सर्वांमागे एक सूत्र आहे. मूल होणे ही बाईची खाजगी बाब नसून समाजाने उचलण्याची जबाबदारी आहे, ते सूत्र हे.

परंतु या विचाराची अंमलबजावणी गिरणीच्या फाटकाशी थांबली. कायद्याने विश्रांतीचे आठवडे मोजले. ती विश्रांती कुठे घ्यायची हे कायद्याच्या कक्षेत नव्हते. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवणाऱ्या बाईला रजा मिळाली तरी विश्रांती मिळत नाही. उलट, गिरणीत निदान आठ-दहा तास जिना नव्हता! शिवाय मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात कामगारांचा सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. पुढे तो घटतच गेला. ज्या बायांना गिरणीने काढले किंवा घेतलेच नाही, त्यांना भत्ताही उरला नाही, फक्त जिना उरला.

दुसऱ्या बाजूला इमारतींचे नियम होते. १९३९ साली मुंबई प्रांताने लिफ्टचा कायदा केला. जिथे लिफ्ट आहे तिथे ती परवान्याने आणि सुरक्षितपणे चालावी, हा त्याचा हेतू. जिथे लिफ्ट नाही तिथल्या माणसाविषयी त्याला काही म्हणायचे नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली हाउसिंग बोर्ड आले, पुढे सिडको आली, १९७७ साली म्हाडा आली. अल्प उत्पन्न गटाची घरे म्हटली की तळमजला अधिक तीन किंवा चार मजले आणि एक जिना, हा साचा पक्का झाला. लिफ्ट बसवली तर घर महागते, वीज लागते, देखभाल लागते. म्हणून माणूस जितके चढू शकेल तितकेच मजले बांधायचे. हिशेब बिनचूक आहे. फक्त त्या हिशेबातला 'माणूस' कोण, ते कुठे लिहिलेले नाही. तो बाळंतीण नाही, म्हातारी नाही, कुबडी घेतलेला नाही. तो निरोगी पुरुष आहे आणि त्याचे हात रिकामे आहेत.

अशा रीतीने आईचा कायदा फाटकाशी संपला आणि इमारतीचा नियम उंचीपाशी थांबला. मधला जिना कुठल्याच कायद्यात बसला नाही.

६

आज मीही अशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. १९८० च्या सुमारास बांधलेल्या या वसाहतीत घर मिळाले तेव्हा माझ्या आईला झालेला आनंद मी विसरणार नाही. मूल सात महिन्यांचे आहे. पोट फाडून बाळंतपण झाले. घरी सोडताना महिनाभर जिन्याची चढउतार करू नका असे सांगण्यात आले. घर वर आहे की खाली, हे कुणी विचारले नाही. मला खुर्चीत बसवून दोघा भावांनी वर आणले. पुढचे चाळीस दिवस मी खाली उतरले नाही. लसीच्या दिवशी मूल सासूबाईंनी नेले.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मला १९६१ च्या कायद्याचा आणि त्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीचा लाभ मिळाला. सव्वीस आठवडे पगारी रजा मिळाली. त्या रजेमागे १९२८ च्या त्या कौन्सिलातला आवाज आहे याची जाणीव मला रोज होती. पण याच काळात आमच्या इमारतीचा जिना झाडणारी बाई चार जिने, सोळा मजले रोज झाडत होती. तिचेही मूल वर्षाच्या आतले. ते तिने वस्तीत ठेवलेले असे. तिला सव्वीस आठवडे नाहीत आणि सव्वीस दिवसही नाहीत. सरकारी योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळू शकतात, तेही कागद पुरे असतील तर. ती आपल्याच समाजाची आहे, हे वेगळे सांगायला नको. माझे मूल ज्या स्वच्छ जिन्यावरून खाली नेले गेले तो तिने झाडलेला होता. आपल्यातला एक थर वरच्या मजल्यावर पोहोचला म्हणून जिन्याचा प्रश्न सुटला, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल.

७

आता चित्र बदलते आहे. बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासाचा नारळ २०१७ साली फुटला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट, चाळीस मजले आणि लिफ्ट. तीन-तीन पिढ्या ज्यांनी जिना चढला त्यांना हे मिळाले याचा आनंदच आहे. पण लिफ्ट ही बसवून संपणारी वस्तू नव्हे. तिला वीज लागते, दुरुस्ती लागते, दरमहा पैसे लागतात. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या सात-आठ मजली इमारतींचा अनुभव आपल्यासमोर आहे. लिफ्ट बंद पडते, सोसायटीकडे पैसा नसतो आणि सातव्या मजल्यावरची बाळंतीण घरातच अडकते. मानखुर्द-गोवंडी भागातल्या अशा वसाहतींत ऊन आणि वारा शिरत नाही म्हणून क्षय बळावतो, हे २०१८ साली पुढे आलेल्या पाहणीने दाखवले आहे. तिथे खालचे मजले अधिक अंधारे, म्हणून अधिक रोगट. म्हणजे खाली राहावे तर खोकला आणि वर राहावे तर जिना. गरिबाला निवड दिली जाते ती अशी.

तेव्हा घराची मागणी करताना आपल्या चळवळीने चौरस फुटांपाशी थांबू नये. लिफ्ट चालू ठेवण्याचा खर्च कोण आणि किती वर्षे देणार, हे करारात लिहून घेतले पाहिजे. जुन्या तीन-चार मजली वसाहतींत गरोदर व बाळंत बायांना, वृद्धांना, अपंगांना तळमजल्याची घरे बदलून मिळण्याची सोय मागितली पाहिजे. वस्तीतले पाळणाघर तळमजल्यावर असले पाहिजे. लस आणि तपासणी घेऊन परिचारिकेने वर यावे, बाळंतिणीने खाली जाऊ नये. यांतली एकही मागणी अवाजवी नाही. बाळंतपणाचा भार समाजाने उचलावा, हे १९२८ साली सांगून झाले आहे. तो भार जिन्यावरही असतो, एवढेच त्यात मिळवायचे आहे.

आणि विद्यार्थ्यांना एक काम सांगते. चाळी पाडल्या जात आहेत. नव्या इमारती उभ्या राहतील, पण जिने जातील आणि ते चढलेल्या बायाही जातील. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिले म्हणून महारवाड्यातल्या बाळंतिणीची उपासमार आपल्याला कळली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध केले, ते जिवंत बायांना गाठून, विचारून. चाळीतल्या बाळंतपणांचे तसे काम अद्याप व्हायचे आहे. वही घ्या आणि ज्या आजीबाई अजून आहेत त्यांच्याकडे जा. खोली केवढी होती हे विचारू नका, ते कागदावर आहे. कितव्या मजल्यावर होतात, पाणी कुठून आणत होतात, मूल कुणाजवळ ठेवत होतात, पायऱ्या किती होत्या, हे विचारा. त्यांना आकडा पाठ असेल.